गल्लीतल्या स्नेहमेळाव्यासाठी सोपी परवानगी: महापालिकेला पत्र देण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

विषय: शेजारच्या सोसायट्यांसह समोरच्या गल्लीत मेळावा घेता यावा, यासाठी महापालिकेकडे पाठपुरावा करणे.

महोदय,

समोरची गल्ली एका संध्याकाळपुरती बंद करून सगळ्यांनी जमावे, हा विषय मागच्या सभेत निघाला आणि ‘परवानगी कोण आणणार?’ इथे येऊन थांबला. विरोध कोणाचाच नव्हता, वर्गणीलाही लोक तयार होते. चौकशीला गेलो तर मोठ्या जाहीर सभांसाठीचा अर्ज हातात ठेवण्यात आला. त्यात व्यासपीठाचा नकाशा आणि अपेक्षित गर्दी असे रकाने. आपल्याला मांडायच्या खुर्च्या! वर, एक कार्यालय म्हणे आधी दुसऱ्याचा ना-हरकत दाखला आणा, आणि दुसरे म्हणे आधी पहिल्याचा.

घोळ इथेच आहे. हजारो लोकांच्या कार्यक्रमाचे नियम शेजाऱ्यांच्या मेळाव्याला लावले, की उत्साही माणूसही दुसऱ्या खिडकीवर नाद सोडतो. अशा मेळाव्यांचा वेगळा वर्ग करावा, अर्ज एकाच खिडकीवर घ्यावा आणि बाकीच्या खात्यांना त्या खिडकीनेच विचारावे, असे पत्र आपल्या समितीने महापालिकेला द्यावे, ही विनंती.

हे कुठे होतच नाही असे नाही. ब्रिटनमध्ये रस्ता बंद करायला स्थानिक परिषदेची परवानगी लागते. पण रहिवाशांच्या खासगी मेळाव्यात दारू विकायची नसेल आणि करमणुकीचे पैसे घ्यायचे नसतील, तर सहसा वेगळा परवाना लागत नाही. विम्याचीही केंद्र सरकारकडून सक्ती नाही. विम्याचा हप्ता मेळाव्याच्या खर्चाहून जास्त झाला तर कोण पुढे येईल? सिअ‍ॅटलमध्ये मुख्य वाहतुकीचे नसलेल्या रस्त्यांवर अशी परवानगी विनामूल्य मिळते. पॅरिसच्या १७व्या विभागात १९९९ साली सुरू झालेला ‘शेजाऱ्यांचा दिवस’ पुढे इतर देशांतही पोहोचला, त्यात नगरपालिकांनी हात दिला हे मोठे कारण आहे.

सह्यांचा मुद्दा जरा सविस्तर लिहितो, कारण भांडणे तिथेच होतात. फिलाडेल्फियात त्या रस्त्यावरच्या ७५ टक्के घरांच्या सह्या मागतात. मला हे पटते. शंभर टक्के मागितल्या तर एका नाराज घराच्या हाती सगळ्यांची संध्याकाळ जाते. काहीच मागितले नाही तर तक्रार थेट पोलिसांकडे जाते. सह्यांचा कागद मात्र वॉचमनच्या टेबलावर ठेवून भागणार नाही. दारोदार जावे लागेल. तेव्हाच कळते, की तळमजल्यावरच्या आजोबांना रात्री आवाज सोसत नाही आणि कोणाला त्याच संध्याकाळी दवाखान्यात जायचे आहे. स्पीकर कुठल्या टोकाला ठेवायचा आणि किती वाजता बंद करायचा, हे अशा फेरीतच ठरते. (नाहीतर ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरते, म्हणजे ठरतच नाही.)

महापालिकेने आणखी एक काम करावे: ज्या गल्ल्यांतून बस जात नाही आणि ज्यांवर रुग्णालय किंवा अग्निशमन केंद्र नाही, त्यांची यादी एकदाच करून ठेवावी. मग दरवेळी पाहणी नको, फक्त तारीख नोंदवायची. बॅरिकेड अनामत घेऊन वापरायला द्यावेत. ते दोन माणसांना उचलता येतील असेच हवेत. रुग्णवाहिका आली तर क्षणात बाजूला झाले पाहिजेत. गल्लीच्या दोन्ही टोकांना आपली माणसे उभी राहतील, आणि मधून गाडी जाईल एवढी वाट मोकळी ठेवू. खुर्च्या त्या हिशेबानेच मांडायच्या.

पार्किंगचे आपणच बघायचे. आदल्या दिवशी प्रत्येक गाडीच्या काचेवर चिठ्ठी लावली, तरी एखादी गाडी उरतेच. मालकाचा नंबर सोसायटीकडे असला की निम्मे काम झाले.

पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत तो घ्यावा. समितीची हरकत नसेल तर त्याआधी शेजारच्या सोसायट्यांच्या सचिवांना मी तो दाखवून येतो. त्यांच्याही लेटरहेडवर पत्रे गेली तर महापालिकेला उत्तर द्यावेच लागेल.

आपला विश्वासू,
बी विंगमधील एक सभासद

सोबत: पत्राचा मसुदा