फुप्फुसाच्या गाठीचा तुकडा

मुंबई,
१२ जून

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, लेक कॅन्सरच्या संशोधनात आहे म्हणून लोक फाइल घेऊन तुमच्याकडे येतात, त्यांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंत. फोनवर हे नीट होत नाही, म्हणून लिहूनच पाठवते. फुप्फुसाच्या कॅन्सरपुरतंच लिहिते, कारण माझं रोजचं काम तेवढंच.

सुरुवात टीबीपासून करावी लागते. एक्स-रेत डाग, खोकला, वजन घटलेलं, हे पाहून आपल्याकडे डॉक्टरांना आधी टीबीचा संशय येतो, आणि त्यात चूक काही नाही. बिघडतं ते पुढे. थुंकीत जंतू सापडलेला नसतो, तरी गोळ्या सुरू होतात आणि कोर्स पुरा करायचा म्हणून चालू राहतात. तेवढ्या महिन्यांत गाठ वाढते. म्हणून येणाऱ्याला विचारा, सीबीनॅट (थुंकीत टीबीचा जंतू शोधणारी तपासणी) झाली का आणि जंतू सापडला का? सापडला नसेल आणि महिना-दीड महिना औषध घेऊनही डाग तसाच असेल, तर सीटी स्कॅन आणि बायोप्सीला (गाठीचा तुकडा काढून तपासायला) उशीर नको. थुंकीतून रक्त पडत असेल किंवा आवाज बसलेला असेल, तर तेवढंही थांबू नये. ‘त्यांनी कधी विडीला हात लावला नाही’ यावरही विसंबू नका. तंबाखू हे सगळ्यात मोठं कारण आहेच, पण आपल्याकडे कधीही न ओढलेल्या माणसांना, त्यातही बायकांना, हा कॅन्सर होतो.

पेट स्कॅनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी साखर टोचून ती जास्त वापरणारे भाग दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, गाठ उजळली म्हणजे कॅन्सर ठरला, असंही नाही, कारण टीबीची गाठही तशीच उजळते. मेंदू स्वतःच भरपूर साखर वापरतो, त्यामुळे तिथलं या स्कॅनमध्ये नीट कळत नाही आणि एमआरआय वेगळा करावा लागतो. थोडक्यात, तुकडा काढल्याशिवाय गत्यंतर नाही. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती मात्र लोकांच्या मनातून काढाच. तसं होणं अगदीच क्वचित, आणि सुई न लावल्यामुळे होणारं नुकसान रोजचं. सुईचा खरा धोका आहे तो फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा, म्हणून नंतर काही तास रुग्णाला थांबवून एक्स-रे काढतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आता तुकड्याविषयी. सुईने निघतो तो शेवयीच्या तुकड्याएवढा, आणि पुढची सगळी उत्तरं त्याच्यातूनच मिळवायची असतात. तो लगेच १० टक्के बफर केलेल्या फॉर्मालिनमध्ये जायला हवा, द्रव तुकड्याच्या दहापट, आणि मुक्काम ६ ते ४८ तासांचा. कमी वेळ ठेवला तर पेशी नीट टिकत नाहीत. शुक्रवारी काढलेली बाटली मंगळवारपर्यंत पडून राहिली, तर डीएनएचे बारीक तुकडे होतात आणि नसलेले बदल असल्यासारखे दिसू लागतात. टीबीचीही शंका असेल तर दुसरा छोटा तुकडा सलाइनच्या बाटलीत वेगळा द्यायला सांगा, कारण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर होत नाही. हाडातून तुकडा घेतला असेल तर तो ॲसिडने मऊ करू नये, ईडीटीए या सौम्य रसायनाने करावा. ॲसिडमध्ये डीएनए जवळजवळ संपतो, आणि हे प्रयोगशाळेला आधी सांगितलं नाही तर सवयीने ॲसिडच वापरलं जातं.

तिथून तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. सगळे त्याला ब्लॉकच म्हणतात. त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे. पहिल्या कापावरून कॅन्सर आहे की नाही ते कळतं, पुढच्या दोनांवर टीटीएफ-१ आणि पी-४० ही प्रथिनं रंगवून पाहून तो ॲडिनोकार्सिनोमा की स्क्वेमस (या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार) ते ठरतं. इथे हात आखडता हवा. ब्लॉक यंत्रात पुन्हापुन्हा लावला की दर वेळी पृष्ठभाग समतल करताना थोडा ऊतक वाया जातो, आणि असे जास्तीचे दहा रंग करून पाहिले तर जनुकीय तपासणीला (कॅन्सरच्या डीएनएतला दोष शोधायला) काही उरत नाही. म्हणून लागतील तेवढे काप एकाच बैठकीत काढून ठेवणं उत्तम. त्यानंतर पॅथॉलॉजिस्ट काचेवर पेनाने कॅन्सरच्या पेशींचा भाग आखतात आणि तेवढाच ब्लेडने खरवडून डीएनए काढायला घेतात. त्या भागात कॅन्सरच्या पेशी निदान वीस टक्के असाव्यात. त्याहून कमी असतील तर खरा दोषही बाकीच्या निरोगी पेशींच्या गर्दीत हरवतो.

बाबा, रिपोर्टमधला एक फरक पक्का ध्यानात ठेवा. ‘दोष आढळला नाही’ आणि ‘नमुना अपुरा’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. दुसऱ्याचा अर्थ तपासणी झालीच नाही, तरी पुष्कळदा घरचे आणि कधीकधी डॉक्टरही ते निगेटिव्ह धरून पुढे जातात. अशा वेळी पुन्हा तुकडा घ्यावा, छातीत पाणी असेल तर त्यातल्या पेशी गोळा करून त्यांचा ब्लॉक (सेल ब्लॉक) करावा, किंवा रक्तात उतरलेल्या कॅन्सरच्या डीएनएवर तपासणी करावी. रक्त साध्या ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणाऱ्या) घेतलं तर काही तासांत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए त्यात मिसळतो. आणि रक्तात दोष सापडला तर तो धरायचा, नाही सापडला म्हणून नाही असं मानायचं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर नेमका तो दोष असलेल्या कॅन्सरवर चालणाऱ्या गोळीसाठी. ईजीएफआर या जनुकातल्या दोषाचा आणि गोळीचा संबंध २००४ साली उजेडात आला. पुढे पूर्व आशियातल्या आयपास अभ्यासात, २००९ साली, दोष असलेल्या शंभरांपैकी ७१ जणांची गाठ जेफिटिनिब या गोळीने आक्रसली. दोष नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण शंभरात एक, आणि त्यांना किमोथेरपीनेच जास्त फायदा झाला. म्हणून ‘गोळी चालू करून बघू’ हे मला अजिबात मान्य नाही. रिपोर्ट येईपर्यंत रुग्णाला दम लागत असेल तर किमो सुरू करता येते, गोळी नंतर जोडता येते. इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) मात्र रिपोर्टआधी घाईने देऊ नये. ती दिल्यावर लगेच ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरचीच दुसरी गोळी द्यायची वेळ आली, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो.

आपल्या टाटा हॉस्पिटलातलं काम मला फार मोलाचं वाटतं. डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर नुसती जेफिटिनिब आणि जेफिटिनिबसोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही किमो यांची तुलना केली. नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, जोडीने १६ महिने. त्रासही जोडीत जास्त झाला, म्हणून रुग्णाची ताकद बघूनच ठरवतात. पेमेट्रेक्सेड द्यायचं असेल तर फॉलिक ॲसिडची गोळी आठवडाभर आधीपासून रोज आणि बी-१२चं इंजेक्शन दर नऊ आठवड्यांनी लागतं. ते चुकलं की तोंड येतं, रक्तपेशी घसरतात.

गोळी सुरू झाल्यावर तोंडावर मुरमांसारखं पुरळ येतं, जुलाब होतात, नखांच्या कडा सुजतात. हे बहुतेक सांभाळता येतं, त्यासाठी गोळी परस्पर सोडू नये. नवा कोरडा खोकला किंवा दम लागला, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. पित्ताच्या गोळ्यांनी जेफिटिनिब आणि तिच्याच जातीची एर्लोटिनिब अंगात कमी भिनतात. आणि टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल, तर जेफिटिनिब आणि ओसिमर्टिनिब दोन्हींचं रक्तातलं प्रमाण खूपच खाली येतं. दोन्ही आजार एकदम असलेला माणूस आला, तर छातीच्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायलाच हवं.

आई, जे मोठ्या हॉस्पिटलात निघालेत त्यांना तू निघायच्या आधी इतकं विचार: ब्लॉक आणि स्लाइड पहिल्या प्रयोगशाळेकडून घेतल्या का, रिपोर्टवरचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो का, सीटीची सीडी सोबत आहे का, आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकली का. ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही, मेण मऊ पडतं. कुणाचा रिपोर्ट कळला नाही तर नाव झाकून फोटो पाठवा, रात्री बघून कळवते.

तुमची,
माधवी