तुझे पुस्तक, बारा वर्षांनी

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही आणि आज लिहितो आहे तेही स्वार्थापोटी. तू दिलेले त्या अर्जेंटिनी लेखकाचे, बोर्हेसच्या कथांचे पुस्तक बारा वर्षांनी एकदाचे वाचले. इतकी वर्षे ते माझ्या हस्तलिखितावर वजन म्हणून ठेवलेले होते. ‘या कथा नव्हेत, अंगरखे घातलेली प्रमेये आहेत,’ असे मी तेव्हा न वाचताच ठणकावले होते आणि तू तीन महिने अबोला धरलास. (त्यातला निम्मा अबोला माझ्या थकलेल्या उधारीमुळे होता, हे तूही कबूल कर.) १९५५ मध्ये बोर्हेस अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला, तेव्हा त्या माणसाला डोळ्यांनी वाचता येत नव्हते, मला डोळे असून ही तऱ्हा.

झोप उडवली ती त्यातल्या एका कथेच्या नायकाने, फ्यूनेसने. घोड्यावरून पडून पांगळा झालेल्या त्या पोराला काही विसरताच येत नाही. ३ वाजून १४ मिनिटांनी बाजूने दिसलेल्या आणि ३ वाजून १५ मिनिटांनी समोरून दिसलेल्या कुत्र्याला एकच नाव का, हे त्याला खुपते. एक दिवस आठवायचा, तर त्याला अख्खा दिवस लागतो. अरुण, माझी कादंबरी नेमकी अशीच झाली आहे. वडील जिना उतरतात त्या प्रसंगाला मी अकरा पाने दिली आहेत. त्यात प्रत्येक पायरी आहे, पाचवीचा उडालेला टवकासुद्धा.

वर १९४१ च्या प्रस्तावनेत हा बोर्हेस म्हणतो की काही मिनिटांत तोंडी सांगता येईल अशी कल्पना ५०० पानांत पसरवणे हे कष्टाचे वेड आहे. त्याने स्वतः कादंबरी लिहिलीच नाही. काल दार लावून, घड्याळ समोर ठेवून मी माझी कादंबरी मोठ्याने सांगून पाहिली. एका खोकल्यासकट ती चार मिनिटांत संपली. मात्र त्यात जिना आलाच नाही, आणि मला तर तोच टाकवत नाही. मग उरलेली चारशे पाने मी कशासाठी लिहिली?

माझा गुडघा ठीक आहे. तुझ्या बदलीचे कळले. वहिनींना नमस्कार, बाळीला आशीर्वाद.

सोबत ती अकरा पाने पाठवतो आहे. पेन्सिल घे आणि वगळता येणार नाही अशी एकच पायरी दाखव. पाचवी म्हणालास, तर मी पुन्हा भांडणार नाही.

तुझा,
विनायक