गाईडचे पैसे घेतले, पण गाईड दिला नाही : ल्वार खोऱ्यातील सहलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : फ्रान्समधील ल्वार खोऱ्याच्या सहलीत कबूल केलेला खासगी गाईड आणि वाइन तळघराची भेट न दिल्याबाबत तक्रार व परताव्याची मागणी

महोदय,

ल्वार खोऱ्यातले ऐतिहासिक किल्ले आणि वाइनचा मुलूख खासगी गाईडसोबत दाखवणारी तुमची सहल मी, माझे सासरे, दीर आणि जाऊबाई अशी आम्ही चौघांनी नुकतीच केली. हॉटेल चांगले होते, गाडी वेळेवर येत होती, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण ज्या गाईडसाठी आम्ही स्वस्तातली ग्रुप टूर सोडून दुप्पट पैसे मोजले, तो आम्हाला मिळालाच नाही.

तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत 'परवानाधारक खासगी गाईड पूर्णवेळ सोबत' असे स्पष्ट छापले आहे आणि पावतीत त्याचे शुल्क वेगळे लावले आहे. फ्रान्समध्ये संग्रहालये आणि ऐतिहासिक वास्तू दाखवण्यासाठी टूर कंपन्यांनी सरकारमान्य ओळखपत्र असलेलाच गाईड नेमायचा असतो, हे तुम्हाला ठाऊक असणारच. पहिल्याच सकाळी शाँबोर किल्ल्याच्या पार्किंगमध्ये आमच्यासोबतच्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगून टाकले, की ते फक्त ड्रायव्हर आहेत. तिकिटे हातात देतील आणि गाडीपाशी थांबतील. त्यांची वागणूक सभ्य होती, गाडीही जपून चालवत होते. त्यांच्यावर कृपया ठपका ठेवू नका. माझी तक्रार तुमच्याविरुद्ध आहे.

माझे सासरे बांधकाम खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. पहिल्या फ्रान्स्वा राजाने 1519 मध्ये शाँबोरचे काम सुरू केले, तिथला दुहेरी जिना पाहायची त्यांची फार जुनी इच्छा. एकमेकांत गुंफलेले दोन जिने. एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा माणूस मधल्या झरोक्यांतून एकमेकांना दिसतात, पण वाटेत कुठेही समोरासमोर येत नाहीत. भार कशावर तोलला आहे, दलदलीच्या जमिनीत पाया कसा घातला, असे नेमके प्रश्न त्यांनी वहीत लिहून नेले होते. ती वही उत्तरांविना परत आली.

शनाँसोच्या महालात तर याहून वाईट झाले. शेर नदीवर राजा दुसऱ्या हेन्रीची प्रेयसी डियान द प्वातिए हिने पूल बांधवला आणि नंतर त्याची राणी कॅथरिन द मेदिची हिने त्यावर साठ मीटर लांबीचे दालन उभे केले, एवढे आम्ही घरून वाचून गेलो होतो. दालनाच्या पलीकडच्या टोकाला एक दार आहे. आम्ही तिथवर गेलो, फोटो काढले आणि मागे फिरलो. पहिल्या महायुद्धात याच दालनात रुग्णालय होते आणि दोन हजारांहून जास्त जखमी सैनिकांवर तिथे उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्सची हद्द शेर नदीवर होती. महालाचे मुख्य दार व्याप्त भागात आणि हे टोकाचे दार मुक्त भागात उघडत असल्याने माणसे त्यातून निसटत. हे सगळे आम्हाला रात्री हॉटेलात वाचून कळले. ज्या दारासमोर आपण उभे होतो त्याची गोष्ट नंतर कळली, याची हळहळ सासऱ्यांच्या मनातून अजून गेलेली नाही. पैसे दिले होते ते त्या जागी उभे असताना कुणी ती सांगावी म्हणून.

आता वूव्रे या वाइनच्या गावाबद्दल. दिरांची दिंडोरीला वाइन द्राक्षांची बाग आहे, त्यात चेनिन ब्लांकही आहे. वूव्रेची पांढरी वाइन याच द्राक्षाची, म्हणून तर बुकिंगच्या वेळी आम्ही हे गाव मुद्दाम मागून घेतले आणि तुमच्या प्रतिनिधीने 'बागायतदाराच्या तळघरात दीड तास, त्याच्याशी गप्पा आणि तीन प्रकारच्या वाइनचे टेस्टिंग' असे ईमेलवर लिहून दिले. तिथल्या टेकड्यांमधून महालांसाठी पांढरा चुनखडक काढला आणि राहिलेल्या थंड खाणींची तळघरे झाली, हेही त्याच ईमेलमध्ये वर्णन करून सांगितले होते. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर फळ छाटणी, तिकडे वर्षाला एकच छाटणी. एकाच बागेतल्या द्राक्षांची कोरडी वाइन करायची की गोड, हे तिथले लोक त्या वर्षीच्या हवामानावर ठरवतात. ते कसे ठरवतात, घड किती दिवस वेलीवर ठेवतात, हे दिरांना विचारायचे होते.

प्रत्यक्षात आम्हाला हमरस्त्यालगतच्या एका भेटवस्तूंच्या दुकानात नेले. काउंटरवर उभ्या उभ्या प्लास्टिकच्या कपांत थोडी थोडी वाइन मिळाली, विक्रेती मुलगी मधूनच दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळत होती. दिरांनी बाटल्या फिरवून लेबले पाहिली, तर त्यातली एक बोर्दो या फ्रान्सच्या दुसऱ्याच भागातली होती! ना तळघर, ना बाग, ना बागायतदार. दीर एक शब्द बोलले नाहीत, कप खाली ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले.

त्याच संध्याकाळी मी तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. तेव्हा 'गाईड ऐनवेळी आजारी पडला' असे सांगण्यात आले. पुण्याला परतल्यावर ईमेलने उत्तर आले, की 'ड्रायव्हर-कम-गाईड देण्याचा अधिकार कंपनीकडे राखीव आहे'. गाईड आजारी पडला असेल, तर तो नेमलेला होता; मग त्याचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक कळवा. नेमलाच नसेल, तर पावतीत त्याचे शुल्क कशाचे घेतले, ते सांगा. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

माझी मागणी अशी : चौघांचे गाईड शुल्क आणि वूव्रेच्या भेटीचे पैसे पूर्ण परत करावेत, आणि गाईड का दिला नाही याचा लेखी खुलासा करावा. पुढच्या सहलीवर सवलतीचे कूपन तुमच्या प्रतिनिधीने देऊ केले होते. ते आम्हाला नको.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा या कारणांखाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. कार्यक्रमपत्रिका, पावती, तुमच्या प्रतिनिधीचा ईमेल आणि दुकानातील बाटल्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
सहलीतील चौघांच्या वतीने, एक ग्राहक
पुणे