'मराठीत बरोबर' लिहिणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

परवा निकाल लागला. सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दिलेल्या दहावीत मला इंग्रजीला ५४ पडले. मागच्या खेपेला २३ होते. फोनवर तुम्हाला एवढंच सांगता आलं, पुढे गळा दाटला आणि मी फोन ठेवून दिला. राहिलेलं इथे सगळ्यांसमोर लिहिते, कारण ज्यांनी 'तुला जमायचं नाही' म्हटलं, त्यांनीही ते सगळ्यांसमोरच म्हटलं होतं.

मी नववीतून शाळा सोडली १९९९ साली. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पुढच्याच वर्षी, २००० च्या जूनपासून, राज्यात ते पहिलीपासून सुरू झालं. माझ्या मुलीला त्याचा फायदा मिळाला. माझ्या वाट्याला आल्या नुसत्या व्याख्या. चाळिशीला टेकल्यावर क्लास लावला, तिथेही तेच. ट्रान्झिटिव्ह म्हणजे ज्याला ऑब्जेक्ट लागतं. ऑब्जेक्ट म्हणजे? ट्रान्झिटिव्हला जे लागतं ते. दुसऱ्यांदा विचारलं तर सर म्हणाले, "बाई, तुम्ही आपली शिलाई मशीनच चालवा." सगळा वर्ग हसला. त्यानंतर मी त्या जिन्याची पायरी चढले नाही.

तुम्ही आमच्याकडे आलात ते शर्टाची कॉलर उलटून घ्यायला. जन्मभर कोर्टात स्टेनोची नोकरी केलेली, शिकवण्याशी तुमचा संबंध नाही. माझी वही मशीनच्या फळीवर उघडी होती, लाल फुल्यांनी भरलेली. "बघू का?" म्हणून विचारलंत आणि घरी घेऊन गेलात. दुसऱ्या दिवशी परत आणलीत तेव्हा फुल्या होत्या तिथेच होत्या. पण एकेका फुलीशेजारी पेन्सिलीने, बारीक अक्षरात, दोन शब्द लिहिलेले होते. 'मराठीत बरोबर.'

काका, त्या दोन शब्दांनी मला काय दिलं ते तुम्हाला ठाऊक नाही.

'धिस माय ब्रदर' असं मी लिहिलं होतं. क्लासमध्ये त्यावर हशा पिकला होता. तुम्ही म्हणालात, "हा माझा भाऊ. यात कुठे काय कमी आहे? मराठीत 'आहे' नसलं तरी वाक्य उभं राहतं. इंग्रजीत 'इज' नसेल तर ते कोसळतं. 'इज' म्हणजे तुमची टीप आहे. तिच्यात स्वतःचं कापड नसतं, पण दोन तुकडे तिनेच जोडलेले असतात." जोडणारं क्रियापद मला त्या क्षणी कळलं. टीप म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

'डिड शी वेंट' हे माझं दुसरं पाप. ते तर मी दर वेळी करायची. तुम्ही त्याखाली लिहिलंत, 'ती गेली का?' भूतकाळ कुठे आहे? 'गेली'मध्ये. 'का' बिचारा नुसता प्रश्न विचारतो, काळाचं ओझं उचलत नाही. इंग्रजीत तसं नाही. तिथे मदतीला आलेलं 'डिड' भूतकाळ स्वतःच्या डोक्यावर घेतं, म्हणून 'गो'ला तो पुन्हा वाहावा लागत नाही. 'शी कॅन्स'चंही तेच. आपल्याकडे शकतो, शकते, शकतात असं रूप बदलतं, 'कॅन' मात्र कुणासाठीच बदलत नाही. 'डिस्कस्ड अबाउट'पुढेही तुमचे तेच दोन शब्द होते, कारण आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, आणि इंग्रजीत 'डिस्कस' थेट कर्माला हात घालतं, मध्ये 'अबाउट' लागत नाही.

आणि सकर्मक-अकर्मक, म्हणजे क्लासमधलं तेच ट्रान्झिटिव्ह! कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग शाळेत घोकले होते, पण ते माझ्याच तोंडात रोज असतात हे तुम्ही दाखवलंत. शेजारीण झोपली. शेजारणीने ब्लाउज शिवला. पहिलीला 'ने' नाही, दुसरीला आहे, कारण शिवायला काहीतरी लागतं. मी म्हटलं, "मग 'सून साडी नेसली' याचं काय? साडी तर आहे, 'ने' कुठाय?" तुम्ही चष्मा काढलात, जरा वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी येताना शिकणे, बोलणे, विसरणे अशी 'ने' न घेणारी आणखी क्रियापदं शोधून आणलीत. माझ्या प्रश्नासाठी कुणी घरी जाऊन विचार केला, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

मग मीही शोधायला लागले. कापड फाटलं आणि कापड फाडलं, आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदं. इंग्रजीत दोन्हींना एकच, 'टोअर'. पुढे कर्म आहे का, एवढंच बघायचं. मला त्या दिवशी आपल्या भाषेचा फार अभिमान वाटला.

चूक दाखवणारे खूप भेटतात, आणि चूक दाखवलीच पाहिजे, तुम्हीही एकसुद्धा सोडली नाहीत. पण माणूस असं का चुकला हे थांबून पाहायला मनाचा मोठेपणा लागतो. तो डिग्रीवर येत नाही, पगारावर तर नाहीच. अशी साधी, भली माणसं अजून आहेत म्हणून माझ्यासारखीला पुन्हा वही उघडावीशी वाटते. इतकी वर्षं मला वाटायचं, आपलं डोकंच कमी आहे. तुम्ही सांगितलंत की माझं डोकं मराठी नियम चोख पाळत होतं, फक्त भाषा दुसरी होती.

वही मशीनच्या खणात आहे. पेन्सिल पुसट होत चाललीय. काल त्या शब्दांवरून पेन फिरवावं म्हणून टोपण काढलं, पण हात धजला नाही. अक्षर तुमचं आहे. या आठवड्यात जमलं तर या, एकदा तुम्हीच गडद करून द्या.

तुमची,
कोपऱ्यावरच्या दुकानातली शिवणवाली