पिकअप विचारता, ब्रेकचं काय?

संपादक महोदय,

कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की आमच्या दर्यापूर भागात शोरूमपुढं हार घातलेल्या नव्या दुचाक्या दिसू लागतात. पोरं ॲव्हरेज अन् पिकअप विचारतात, ब्रेकचं कुणीच नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाडीला निदान सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो), त्यावरच्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ देत नाही) बंधनकारक झालं. जुनी गाडी घेताना हे बघाच.

खरा धोका अंधारात. पुढं कापसाची ट्रॉली, तिला मागून ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून अप्परचा झोत आला की ती दिसतच नाही. वेग कमी करण्यावाचून इलाज नाही. (हेल्मेट तेव्हा आरशाला लटकलेलं!) ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर पट्ट्या लावण्याची मोहीम पोलिसांनी जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) फाटकावरच घ्यावी, हंगामात त्या तिथंच रांगेत उभ्या असतात.

— एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)