शनिवारची बैठक : काड्या-चिंचोके घेऊन या

सर्व ताई-दादांना नमस्कार,

येत्या शनिवारी दुपारी 4 वाजता गंगापूर रोडच्या नेहमीच्या हॉलमध्ये भेटू. प्रत्येकाने आइस्क्रीमच्या 100 काड्या, 10 रबरबँड आणि मूठभर चिंचोके आणावेत. चिंचोके घरात नसतील तर गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात विचारून बघा.

या वेळी मुलांना काड्यांनी हातच्याची वजाबाकी शिकवू. 42 मधून 17 काढायचे आहेत. समोर दहा-दहाचे 4 गठ्ठे आणि 2 सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल एका गठ्ठ्याचं रबर सोडतं, सुट्या 12 होतात. त्यातल्या 7 उचलल्या, एक गठ्ठा उचलला, राहिल्या 25. कृपया ते रबर मुलालाच सोडू द्या, कितीही वेळ लागो. दशक मोडणं म्हणजे काय, ते तिथेच कळतं. वहीतली उभी मांडणी नंतर.

गणित शिकवायचे महागडे संच घेऊ नका. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालवाडी सुरू केली, ती परिसरातल्या साध्या वस्तूंवरच उभी राहिली.

तीन वर्षांखालची भावंडं सोबत असतील तर चिंचोके त्यांच्यापासून लांब ठेवा. तोंडात, नाकात जातात.

काड्या सुट्याच आणा. गठ्ठे मुलं बांधतील.