जिन्यात आठवलेलं उत्तर

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर रडत म्हणालीस, "आई, मला काहीच येत नाही." व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी डायोडचं विचारलं आणि तू गप्प झालीस. मग बाहेर पडून एक मजला उतरलीस न उतरलीस तोच सगळं उत्तर आठवलं. अगं, येत नसतं तर जिन्यात कुठून आलं असतं?

2016 चा नोव्हेंबर आठव, नोटाबंदीचा. तू लहान होतीस. बँकेची रांग रस्त्यापर्यंत गेलेली, नोटा मोजायचं मशीन बंद पडलेलं. मी पाचशेची गड्डी हातानं मोजत होते. त्रेसष्ट, चौसष्ट... आणि काचेपलीकडे एकजण हात आपटून ओरडला. अंगठा नोटेवर तसाच राहिला, आकडा मात्र गेला. ती गड्डी मी तीनदा पहिल्यापासून मोजली. इतक्या वर्षांचं मोजणं काही मी विसरले नव्हते, त्या क्षणी धरून ठेवलेला आकडा तेवढा निसटला.

त्यानंतर याबद्दल मिळेल ते वाचत गेले. असा आकडा मेंदू कपाळामागच्या भागात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, तात्पुरता धरून ठेवतो. तिथे जागा फार थोडी, एका वेळी चारेक गोष्टींपुरती. बेताची उत्सुकता असली की तिथे नॉरॲड्रेनालिन नावाचं रसायन थोडं येतं आणि पकड घट्ट होते. भीतीनं त्याचा पूर आला की तिथल्या पेशींचं एकमेकींशी बोलणं तुटतं. येल विद्यापीठात एमी आर्नस्टेन यांनी माकडांवर प्रयोग केले. नुसत्या मोठ्या आवाजाच्या ताणानंही त्यांची ही पकड सुटली.

आणि गंमत बघ, त्याच वेळी अमिग्डला हा मेंदूतला दुसरा भाग कायमच्या आठवणी पक्क्या करत असतो. म्हणून सरांच्या पेनचं हिरवं टोपण तुला अजून दिसतंय. डायोड कुठे गेला नव्हता, फक्त तो घेऊन उभं राहायला जागा उरली नव्हती. "आता मी नापास" हा विचारही तीच जागा अडवून बसतो ना. दारामागे सर राहिले, धडधड थांबली, जागा मोकळी झाली, उत्तर आलं.

म्हणून शुक्रवारच्या व्हायवाआधी एक कर. 2011 साली जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांचा एक प्रयोग छापून आला. त्यात परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या मुलांचे गुण सुधारले. तूही लिही. शुद्धलेखन बघू नकोस, कोणाला दाखवू नकोस. आणि प्रश्न आला की तोच प्रश्न आधी मोठ्यानं परत म्हण. मी आजही गड्डी मोजताना आकडा ओठांवर ठेवते.

पुढच्या वेळीही गोंधळ झालाच, तर "सर, एक मिनिट द्या" म्हणायला लाजू नकोस. मी त्या दिवशी त्या माणसाला "दादा, थांबा, परत मोजते" म्हटलं होतं, आणि तो थांबला होता.

डबा पाठवलाय, खोबऱ्याच्या वड्या वरच्या कप्प्यात आहेत. व्हायवा झाली की जिन्यातूनच फोन कर.

तुझी,
आई